मारबत आणि बाकाबाई

यंदा मारबतीच्या दिवशी माझ्या तोंडून आरोळी निघाली नाही.

नागपूरच्या इतवारीत सकाळपासूनच पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभर पाऊस झालेला, रस्त्यावर चिखल, त्यात गुलाल कालवला गेलेला, आणि पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या कोपऱ्याकोपऱ्यात तुडवल्या जात होत्या. मारबतीचा ढोल आधी छातीत वाजतो, मग कानात. बडग्यांचे पुतळे पुढे गेले, त्यांच्यापुढे पोट्टे नाचत गेले, आणि मग गर्दीच्या डोक्यांवरून काळी मारबत डुलत डुलत यायला लागली. बांबू, कागद, कापड आणि वर काळा रंग. इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईचा हा पुतळा, असं गावात सगळे मानतात. डोळे एवढे मोठे की कुठेही उभं राहा, ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटावं. लहानपणी त्या डोळ्यांना भिऊन मी बाबांच्या मागे लपायचे. थोडी मोठी झाले तशी सगळ्यांबरोबर ओरडायला शिकले. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, रोगराई घेऊन जा, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! यंदाही शेजारच्या काकूंनी हात वर केला, शेकडो गळ्यांतून आरोळी उठली, मीही तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. काकूंनी वळून पाहिलं. "काऊन वो, घसा बसला का?" मी नुसतीच मान हलवली. घसा बसला नव्हता.

झालं होतं असं की चार रात्रींपूर्वी मी जॉन विल्यम के या इंग्रजाचा सत्तावनच्या बंडाचा इतिहास वाचत बसले होते. १८६४ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. मी झाशीबद्दल काहीतरी शोधत होते आणि मध्येच नागपूर आलं. आपल्या गावाचं नाव परक्या पुस्तकात दिसलं की माणूस थांबतोच. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले, मूलबाळ नव्हतं, आणि डलहौसीने राज्य खालसा केलं, हे शाळेत पाठ केलेलं. पुढचं मात्र शाळेत नव्हतं. राजवाड्यातली चीजवस्तू कंपनीने विकायला काढली. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल आपल्या सीताबर्डीत मेलेल्या ढोराच्या भावाने गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात रवाना झालं. आणि वाड्यातलं सामान उचलायला माणसं आली तेव्हा ऐंशीला टेकलेली एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन.

ती बाकाबाई होती.

मी ते पान तीनदा वाचलं. बाहेर पाऊस, घरात सगळे झोपलेले. जिच्या नावाने मी चाळीस वर्षं ओरडत आले, ती बाई माझ्यापुढे पहिल्यांदा बोलली होती आणि तेही इंग्रजी पुस्तकातून. सामान पुढे गेलंच, हे के लगेच सांगतो. त्याला तिची कीव येते, आदरही वाटतो, तिच्या शहाणपणाचं आणि संयमाचं तो कौतुक करतो. पण मला ना त्याची कीव दिसत होती, ना त्याचा आदर. दिसत होता एक हात. म्हातारा, शिरा वर आलेला, बहुधा दाराच्या चौकटीवर ठेवलेला. हा हात पुस्तकात कुठेच नाही. तो माझ्या डोक्यातून आला, आणि तिथूनच माझ्या मनात सगळा गोंधळ सुरू झाला.

आमच्या महालातल्या घरात पुस्तकांची दोन फळ्यांची मांडणी होती. वरच्या फळीवर कादंबऱ्या, खालच्या फळीवर बाबांचा इतिहास. आई वरच्या फळीची, बाबा खालच्या. 'स्वामी'चा शेवट आई दर पावसाळ्यात एकदा वाचायची. थेऊरला माधवराव जातात, रमाबाई सती जायला निघतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात कांदा न चिरताच आईचे डोळे वाहायला लागायचे. बाबा खालच्या फळीवरून 'मराठी रियासत'चा खंड काढून म्हणायचे, "अगं, हे असं नाही, खरं काय झालं ते यात आहे." आई पदराने नाक पुसत म्हणायची, "त्यात रमा कुठे आहे?" हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्यात दोघांचीही बाजू कळायला लागली. रियासतीत तारखा होत्या, पत्रं होती, मोहिमा होत्या. रमा होती, पण एका ओळीपुरती. आईला त्या एका ओळीच्या मागची मुलगी हवी होती, आणि ती कादंबरीकाराने दिली होती. बाबा आयुष्यभर विचारत राहिले, ती खरी कशावरून? आज बाबा नाहीत, आई नाही, ती मांडणी माझ्याकडे आहे आणि दोन्ही फळ्यांवरची धूळ मीच पुसते.

आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं की आईचं चुकत नव्हतं, पण बाबांची भीतीही खरी होती. आपण मराठी माणसं एखाद्या खऱ्या माणसाला एकदा कथेत पाहिलं की पुढे त्याला त्या कथेबाहेर येऊ देत नाही. आनंदीबाईचंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारला गेला, रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला दोषी धरलं, हे कागदावर आहे. पण 'धरावे'चं 'मारावे' केलं ही गोष्ट सांगोवांगीच चालत आली. आणि त्या सांगोवांगीने त्या बाईचा वाक्प्रचार करून टाकला. आजही बँकेत चेकवर एखादा आकडा खोडलेला दिसला की माझी सहकारी म्हणते, कुणी 'ध'चा 'मा' केला गं? म्हणताना तिच्या मनात कुणी बाई नसते. सगळी सुखं, सगळी दुःखं, सगळं बाळंतपण, सगळी पोरं वाढवणं, एवढ्या जगलेल्या आयुष्यातून आपण एक अक्षर ठेवलं.

बाबांच्या फळीवर वा. सी. बेंद्र्यांचं 'छत्रपती संभाजी महाराज' होतं, १९६० चं. त्याच्या पुठ्ठ्याचा वास अजून नाकात आहे, बुरशीचा आणि तंबाखूचा. त्याआधी रंगभूमीवरचे संभाजीराजे म्हणजे व्यसनी, उतावळे, बापाच्या नावाला बट्टा लावणारे. बेंद्र्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं कागद गोळा करण्यात घालवली आणि त्या कागदांतून दुसरा माणूस उभा केला. मग कादंबऱ्या बदलल्या, नाटकं बदलली. बाबा हे सांगताना फार हळवे व्हायचे. म्हणायचे, एका माणसाने बसून वाचलं म्हणून राजाची अडीचशे वर्षांची बदनामी पुसली गेली. मला तेव्हा वाटायचं, बाबा वाढवून सांगतात. आता वाटतं, पुस्तकाकडून याहून मोठी अपेक्षा कुणी करूच नये.

आणि त्याच राजांच्या गोष्टीचं यावर्षी आमच्या गल्लीत काय झालं, तेही मी पाहिलं. फेब्रुवारीत कादंबरीवरून केलेला चित्रपट आला. मी थिएटरात जाऊन पाहिला, शेवटाला माझ्या शेजारचा मुलगा हुंदके देत होता आणि माझाही घसा दाटला होता. १७ मार्च २०२५ ला, तीनशे अठरा वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाच्या कबरीवरून दुपारी आंदोलन, मग अफवा, मग अंधार पडल्यावर महालात दगड आणि पेटलेल्या गाड्या. एक माणूस जिवानिशी गेला. संचारबंदीत आम्ही दूध मागच्या दाराने घेत होतो. हे चित्रपटामुळे झालं असं मी म्हणणार नाही, दगड उचलणाऱ्या हाताला दगड उचलायची कारणं हवीच असतात. पण त्या रात्री खिडकी बंद करून बसले असताना तो हुंदके देणारा मुलगा आठवत राहिला. त्याचं रडणं खरं होतं. माझंही खरं होतं. ते रडणं पुढे कुठे जातं, हे आपल्या हातात किती राहतं?

बाकाबाईला बेंद्रे मिळाले नाहीत.

तिचं नावसुद्धा धड ठरलेलं नाही. कुठे बाकाबाई, कुठे बांकाबाई, वर्तमानपत्रात बकाबाई. आणि गंमत नव्हे, मनाला लागणारी गोष्ट अशी की मी रोज बँकेतून परत येताना झाशी राणी चौकातून येते. तिथे पुतळा आहे, मेट्रोच्या स्टेशनाला नाव आहे, बाजूला विदर्भ साहित्य संघ आहे. झाशीचे गंगाधरराव वारले २१ नोव्हेंबर १८५३ ला. आमचे रघूजी त्यानंतर वीस दिवसांनी. दोन्ही घरं विधवांची झाली, दोन्ही राज्यं त्याच डलहौसीने त्याच धोरणाखाली १८५४ मध्ये गिळली. एकीचा चौक झाला, दुसरीची मारबत. का, हे माहीत आहे सगळ्यांना. एक लढली, दुसरी लढली नाही.

पण पुतळ्याच्या राणीलाही आपण पुरती वाचलेली नाही. विष्णुभट गोडसे वरसईचे, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि ऐन सत्तावनात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' मी दर दोन वर्षांनी काढते. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी भेटते, एका विहिरीपाशी. घोड्यावरून आलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती त्यांना काढू देत नाही. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते, म्हणते, आणि मातीच्या मडक्याने पाणी ओढून ओंजळीने पिते. मग म्हणते, मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला या उद्योगाची काय जरूर होती. कुठल्याही पुतळ्याच्या तलवारीपेक्षा ते ओलं मडकं मला जास्त दिसतं. आणि तरी बघा, हे पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं तेव्हा भारताचार्य वैद्यांनी त्यावर हात फिरवला होता. मूळ पोथीबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणला. म्हणजे साठ वर्षं लोक जे वाचत होते तेही जसंच्या तसं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्या भिक्षुकाची साक्षसुद्धा दुसऱ्याच्या हातातून आपल्यापर्यंत आली.

आपल्या हयातीतलं तरी कुठे नीट कळतं? १३ ऑगस्ट २००४ ला आमच्या जिल्हा न्यायालयात, दिवसाढवळ्या, कस्तुरबानगरच्या जमावाने त्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला मारलं. मी तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या शाखेत होते, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. संध्याकाळपर्यंत माझ्या काउंटरवर चार वेगवेगळ्या हकिकती येऊन गेल्या. बायाच होत्या की पुरुषही होते, किती होते, कोण आधी पुढे गेलं. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. पुढे चित्रपट आला, मालिका आली. मी मालिका अर्ध्यात बंद केली. ती वाईट होती म्हणून नव्हे. त्यातल्या बाया अजून त्याच वस्तीत नळावर पाणी भरत असतील, पोरांची लग्नं करत असतील, आणि मी सोफ्यावर पाय घेऊन त्यांचा सर्वांत वाईट दिवस बघत होते. त्या निदान बोलू तरी शकतात. अमुक खोटं दाखवलं, म्हणू शकतात.

मेलेली माणसं म्हणू शकत नाहीत.

तर त्या चार रात्री मी काय केलं, ते सांगते. मी मनातल्या मनात बाकाबाईची कादंबरी लिहायला घेतली. पहिलं प्रकरण १८१६, दुसरे रघूजी वारतात, ती विधवा होते. पुढच्या वर्षी परसोजी आपल्याच वाड्यात मारला जातो, संशय आप्पासाहेबावर. नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा. मग आप्पासाहेब पदच्युत, गादीवर एक पोर, पोराच्या मागे बाकाबाई आणि तिच्याही मागे खुर्ची टाकून बसलेला रेसिडेंट जेंकिन्स. चाळीस वर्षं तिने एकच गोष्ट पाहिली, जो इंग्रजांशी भिडला तो संपला. मग सत्तावन उजाडतं तेव्हा ऐंशी वर्षांची ही बाई घरातल्या तरुण पोरांना घट्ट धरून म्हणते, नाही, आणखी रक्त नाही. किती छान जमत होतं! वाक्यं आपोआप सुचत होती. तिसऱ्या रात्री मला तिच्यासाठी रडूही आलं.

आणि मग मी बाबांचं या. मा. काळ्यांचं 'नागपूर प्रांताचा इतिहास' काढलं, नंतर जुनं इंग्रजी गॅझेटियर उघडलं. गॅझेटियर बाकाबाईचे आभार मानल्यासारखं लिहितं. तिने आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, तिच्या उदाहरणामुळे मराठी मुलूख शांत राहिला. आणि त्याच्याच आधीच्या वाक्यांत आहे, की घोडदळाच्या लोकांचा आणि शहरातल्या काही मुसलमानांचा उठावाचा बेत फुटला, आणि त्यांतले काही देशी अधिकारी आणि शहरातले दोन मुसलमान पुढारी किल्ल्याच्या तटावर फासावर लटकले. सीताबर्डीच्या किल्ल्यावर. तोच किल्ला, जो वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो आणि आम्ही पोरांना घेऊन, चिवड्याचे पुडे घेऊन वर चढतो. खाली स्टेशन दिसतं, हवा असते, फोटो काढतो. त्या तटावर लोंबकळलेल्या माणसांच्या बायकांनी बाकाबाईला काय म्हटलं असेल? माझ्या कादंबरीत त्या बायका नव्हत्या. मी त्यांना येऊच दिलं नव्हतं, कारण त्या आल्या असत्या तर माझी म्हातारी बिघडली असती.

काळ्यांच्या पुस्तकात एका पानाच्या समासात बाबांच्या पेन्सिलीची खूण आहे. बाबांना समासात लिहायची सवय होती, 'चूक', 'पाहा रियासत', 'उत्तम'. इथे फक्त एक प्रश्नचिन्ह आहे, फार हलक्या हाताने काढलेलं, उजेडात तिरकं धरलं तरच दिसणारं. बाबांना काय विचारायचं होतं ते कळायला आता मार्ग नाही. मी त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. बाकाबाईबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या प्रत्येकाला ती कशासाठी तरी हवी होती. के साहेबाला डलहौसीवर टीका करायची होती, गॅझेटियरला निष्ठेचा दाखला हवा होता, मारबतवाल्यांना घरातला वैरी हवा होता. आणि मला? मला आरोळीची चाळीस वर्षं धुऊन काढायची होती. तिचं स्वतःचं म्हणून माझ्या हाती आलेलं एकच वाक्य, वाडा पेटवून देईन, तेही इंग्रजाच्या तोंडचं.

मारबत मला नकोशी झाली का? नाही. त्या दिवशी एक बाई तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन गर्दीत घुसली, मारबतीच्या जवळ जाऊन तिने हात जोडले, पोराच्या कपाळाला बोट लावलं आणि मगच ओरडली, घेऊन जा गे. जिला घालवायचं तिलाच आधी हात जोडायचे. हे मी दरवर्षी बघत असेन, पण पाहिलं यंदाच. त्या बाईला बाकाबाई ठाऊक असेलही, नसेलही. तिला पोराचा ताप जायला हवा होता.

संध्याकाळी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागत फिरत होती. काकू आणि मी ओट्यावर बसलो होतो, सुट्या पैशांची वाटी मध्ये. काकूंचं आयुष्य इतवारीत गेलं, सासर माहेर दोन्ही तिथलं, आणि मारबत त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. त्यांना मी सगळं सांगितलं. हत्ती, घोडे, कलकत्ता, सामान न्यायला आलेली माणसं आणि दारात उभी राहिलेली म्हातारी. सांगताना माझा आवाज जरा कापलाच. काकूंनी मन लावून ऐकलं. एका पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले, नंदीला कुंकू लावलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मंग लावली काऊन नाही वो आग?"

मी उत्तर शोधत राहिले. पुढचं पोट्टं आलं, त्याच्या नंदीचं एक चाक निखळलेलं होतं. काकू ते बसवायला खाली वाकल्या. माझ्या ओढणीला सकाळच्या धुराचा वास येत होता.